किल्ली, चष्मा, रुमाल, पेन, वही

औषधांचं खोकं परत द्यायचं, सही करायची आणि निघायचं, एवढंच काम होतं. आठ महिने ते खोकं स्वयंपाकघरातल्या कपाटात पडून होतं. न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, कापसाची पाकिटं, कसल्याशा पावडरीचे तीन डबे. कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून मुलीने त्यावर जाड पेनाने इस्पितळाचं नाव लिहून ठेवलं आणि ती आपल्या घरी परत गेली. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "बाबा, ते दिलंत का?" आणि तो दर रविवारी "या आठवड्यात देतो" म्हणायचा. शेवटी मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर, कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा तो उठला, खोकं काखोटीला मारलं आणि इस्पितळात पोचला. दुसऱ्या मजल्यावर काउंटरमागची नर्स एकेक पट्टी काढून तारीख बघत होती. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, कारण दुसरीकडे कुठे बघायचं नाही असं त्याने जिना चढतानाच ठरवलं होतं. काउंटरच्या पलीकडचं काचेचं दार अर्धं उघडं होतं आणि आत त्या मोठाल्या खुर्च्या होत्या, ज्यांत माणसं हाताला सुई लावून चार-चार तास बसतात. वॉर्डातली मावशी ओल्या फडक्याने खुर्च्यांचे हात पुसत होती आणि पुसता पुसता गुणगुणत होती. ‘किल्ली घेतली का, चष्मा घेतला का...’ त्याने आधी ते नुसतंच ऐकलं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं. मग घड्याळाचा काटा कुठे आहे हे त्याला दिसेनासं झालं.

चाल त्याची होती. शब्दही त्याचेच होते, त्यांना शब्द म्हणायचं असेल तर. एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी केलेली, कधी रेकॉर्ड न झालेली, कागदावरसुद्धा न उतरवलेली चाल. जगात ती दोनच माणसांनी ऐकली होती आणि त्यांतलं एक आता नव्हतं. गाण्याच्या धंद्यात चाल आधी होते, कवी मागाहून उगवतो. तोवर चालीला धरून ठेवायला काहीतरी शब्द लागतात, त्यांना डमी म्हणतात. कोणी ‘ला ला ला’ करतं. त्याच्या ओळखीचा एक संगीतकार सगळ्या चालींत टेलिफोन नंबर घालायचा आणि मग कवीने शब्द आणले की रुसून बसायचा, कारण तोवर त्याला नंबरच आवडायला लागलेले असत. याचे डमी मात्र घरातले असायचे. बायको दारात उभी राहून रोज जे विचारायची तेच त्याने त्या सकाळी पेटीवर बसवलं होतं. हा विसरभोळा माणूस. घरातून निघायचा आणि जिन्यावरून चार वेळा परत यायचा. म्हणून ती हजेरी घ्यायची. किल्ली घेतली का? चष्मा घेतला का? रुमाल? पेन? वही? आणि हा वर्गातल्या पोरासारखा, घेतली, घेतला, घेतला. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे हजेरी घेणं तिच्या अंगातच होतं.

तिला गाण्यातलं काही कळत नाही हे त्याच्या संसारातलं सगळ्यात मोठं भाग्य आहे असं तो मानत आला होता. म्हणजे ती तसं सांगायची. "मला सूर-बीर कळत नाही हं," पाहुण्यांना चहा देताना ती हसत म्हणायची, "मला कोन विचारा, काटकोन, लघुकोन, काय पाहिजे ते." आणि नेमकं म्हणूनच तिच्या कानावर त्याचा सगळा डोलारा उभा होता. नवी चाल झाली की तो ती बाहेरच्या खोलीत सकाळी एकदा, फार तर दोनदा वाजवायचा. मग पेटीवर कापड टाकायचा आणि चार दिवस त्या चालीचं नाव काढायचा नाही. या चार दिवसांत ती पेपर तपासताना, कपड्यांना इस्त्री करताना, बाटल्या भरताना नकळत ती चाल गुणगुणली तर चाल पास. नाही गुणगुणली तर नापास; मग ती चाल स्वतःला कितीही लाडकी असो, पुन्हा तिच्याकडे बघायचं नाही. हे गुपित त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही, कारण सांगितलं की संपलंच. लोक विचारायचे, गाणं मोठं कशाने होतं? कार्यक्रमात विचारायचे, मुलाखतीत विचारायचे, शिकायला येणारी मुलं तर खनपटीलाच बसायची. तो दाढी खाजवत म्हणायचा, जे माणसाच्या नकळत त्याच्या तोंडी येतं ते मोठं. टाळ्या पडायच्या. आणि तो मनात म्हणायचा, यांना काय माहीत, मी हे आमच्या इस्त्रीच्या टेबलावरून शिकलोय.

ती सकाळ त्याला आठवत होती, नव्हती आठवत असं नाही. लग्नाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. भाड्याच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली पेटी. घर सोडून जाणाऱ्या बाईचं एक गाणं हवं होतं कुठल्याशा नाटकाला. पहिली ओळ सरळ चालत आली, जशी माणसं रोजच्या रस्त्याने येतात. दुसरी वर चढली आणि ‘वही’पाशी रिषभावर येऊन थांबली. तिथून ती षड्जावर, म्हणजे घरच्या सुरावर, काही केल्या उतरेना. त्याने दहा-बारा तऱ्हेने उतरवून बघितली. सगळे उतार ओढूनताणून आणलेले, दुकानातून विकत आणल्यासारखे. शेवटी तशीच लटकती ठेवून त्याने ती म्हटली. बायको आत पेपर तपासत होती. त्याने दारातून डोकावून बघितलं, तर ती लाल पेन कागदावर टेकवून बसली होती, आणि पेन हलत नव्हतं. खाली शाईचा डाग पसरत चालला होता, कोणाच्या तरी त्रिकोणावर. कंटाळली, असं तेव्हा त्याला वाटलं. मग चार दिवस झाले, पाच झाले, आठवडा झाला. ती ढिम्म. उलट त्या आठवड्यात घर कधी नव्हे इतकं गप्प होतं. त्याने चाल टाकून दिली आणि नाटकाला दुसरी दिली, जी नाटकाबरोबरच पडली.

"पावती पाहिजे का?" नर्सने विचारलं. त्याने नको म्हटलं, सही केली आणि काचेच्या दारातून आत गेला. खरं तर आत जायची परवानगी कोणाला विचारायची असते, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मावशी, हे गाणं तुम्हाला कुठे मिळालं?"

"कुठलं?" ती दचकली. "मी म्हणत होते होय? सवयच लागलीये मेली."

"किल्लीचं."

"ते होय! ते इथलंच." मावशीने फडक्याने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "एक बाई यायच्या, त्या तिथे बसायच्या. शाळेत शिकवायच्या म्हणे. सुई लागली की डोळे मिटायच्या आणि सुरू. त्यांना पत्तासुद्धा नसायचा हो. एकदा डॉक्टर म्हणाले, छान गाता की तुम्ही, तर चिडल्या. मी कुठे गात होते म्हणे! सगळा वॉर्ड हसला." मावशी आताही हसली. "आता अख्ख्या मजल्याच्या तोंडी बसलंय. लिफ्टवालासुद्धा म्हणतो. ड्यूटी संपली की आम्ही एकमेकींना विचारतो, किल्ली घेतली का, चष्मा घेतला का."

तो खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत राहिला. मावशीला वाटलं, पाहुण्याला गोष्ट आवडली. तिने आणखी सांगितलं.

"त्यांचे मिस्टर गाण्यातले होते, मोठे. खाली कॅन्टीनमध्ये बसायचे. मी म्हटलं, बाई, त्यांना एकदा म्हणून दाखवा की. तर म्हणाल्या, नको गं बाई. त्यांच्यासमोर गुणगुणलं की गाणं घराबाहेर जातं. बाकीची सगळी जाऊ दिली, म्हणाल्या, हे एक माझ्यापाशी राहू दे."

"मी तो," तो म्हणाला. "खाली बसायचो तो."

"अगं बाई," मावशी म्हणाली, आणि हातातल्या फडक्याची तिने उगाचच दोनदा घडी घातली.

म्हणजे तिला माहीत होतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यात सरळ शिरेना. दारात अडकलेल्या सामानासारखी ती आडवी होऊन बसली. कधीपासून? आणि मग त्याला स्वतःच स्वतःचा तो अवतार दिसला, चार दिवस पायमोजे घालून घरात चोरपावलांनी हिंडणारा, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर श्वास रोखून कान टवकारून उभा राहणारा, ती बाहेर आली की पाणी प्यायला आल्याचं सोंग करणारा. दिवसाला बारा पेले पाणी प्यायचा तो चाल झाली की. आंधळ्यालाही कळलं असतं. तीस वर्षं आपण फार चलाख आहोत असं त्याला वाटत होतं, आणि ती आतल्या आत हसत, पेपरांवर लाल खुणा करत, ठरवत होती की याला आज पास करायचं का. त्याला आता आठवलं की ती गुणगुणायची ती नेहमी दारापाशी, आणि किंचित मोठ्याने.

"त्या शेवटाला हसायच्या," मावशी हळू आवाजात म्हणाली. "ते एकदम खाली येतं ना शेवटी, तिथे. डोळे मिटलेले, आणि हसायच्या."

"खाली येतं?" त्याने विचारलं. "ते खाली येत नाही. ते वरच राहतं."

"येतं की. वहीनंतर. थांबा हं." मावशीने घसा साफ केला, सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला घसरली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा भलतीकडेच गेली. कानापर्यंत लाल झाली. "आता नाही यायचं तुमच्यासमोर. कामात असलं की आपोआप येतं. असं विचारलं की जातं."

हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? "विचारत नाही," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं काम करा. मी इथे जरा बसलो तर चालेल का?" बारापर्यंत पेशंट नाही, बसा की, मावशी म्हणाली, आणि तो खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसला. खुर्ची अपेक्षेपेक्षा खोल होती. उजव्या हातावर रेक्झिन एका जागी गुळगुळीत झालं होतं. तिथे हात ठेवायचा की नाही हे त्याला पुष्कळ वेळ ठरवता आलं नाही. मग त्याने ठेवला.

या मजल्यावर तो एकदाच आला होता, पहिल्या वेळी. तिच्या हातात सुई जाताना बघून तोच कोसळला आणि नर्सला तिला सोडून त्याच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. "तुम्ही खालीच बसत जा," बायको म्हणाली होती, "वर एक पेशंट पुरे." त्याला त्या वाक्याने केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं, याची त्याला आता शरम वाटली. मग दर तीन आठवड्यांनी चार तास तो कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी वही उघडून बसायचा. सात गाणी त्याने तिथे केली, त्या चहाच्या मशीनच्या घरघरीत. दुपारी ती लिफ्टने खाली यायची, चेहरा पांढराफटक, आणि विचारायची, "किती झालं?" तो म्हणायचा, "मुखडा झाला. तुझं?" "माझी एक बाटली झाली." आणि दोघं हसायची. घरी येऊन तो नवी चाल वाजवायचा, आणि चार दिवस कशाला, दुसऱ्याच दिवशी पलंगावर उशीला टेकून ती ती गुणगुणायची. सातही. एकही नापास नाही. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. काय फॉर्म लागलाय आपल्याला, असं तो मनात म्हणाला होता, आणि तिच्या आजारपणात आपल्याला असा आनंद होतो म्हणून स्वतःला दोषही देत होता, पण आनंद होत होताच. दोन मजले वर, त्याच तासांना, ती डोळे मिटून दुसरंच काही म्हणत होती.

एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, तिने एका मुलीचा पेपर तिसऱ्यांदा काढून वाचलेला त्याने बघितला होता. मुलगी दोन मार्कांनी राहत होती. बायको प्रत्येक पान उलटून कुठे काही सापडतं का बघत होती, हरवलेली सुई शोधावी तशी. शेवटी म्हणाली, "वर्तुळ बघा किती छान काढलंय हिने," आणि दोन मार्क टाकले. हे गणितात बसतं का, असं त्याने चिडवलं. "दोन मार्कांनी गणिताचं काही बिघडत नाही," ती म्हणाली, "पोरीचं वर्ष वाचतं." तेव्हा तो हसला होता. आता खुर्चीच्या हातावर त्याची बोटं घट्ट झाली. ज्या एका गाण्यावर त्याचं नाव झालं, जे लग्नात वाजतं आणि निवडणुकीत वाजतं आणि ज्याच्यामुळे भाजीवालासुद्धा त्याला ओळखतो, ते तिने कधी गुणगुणलं होतं? आधी दोन वर्षं एकामागून एक अकरा चाली नापास झाल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तिला सांगितलं की आता बस झालं, वाद्यांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करायला माणूस हवा आहे, मी हो म्हणून येतो. शनिवारी सकाळी ती नळाखाली कपडे खळबळत होती आणि खळबळता खळबळता ती बारावी चाल तिच्या तोंडी आली, अगदी सहज. तो न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून रडला होता. ते ग्रेस मार्क होते. आणि तिने ग्रेस देऊन वर ढकललेलं गाणं लोकांनी पहिल्या वर्गात पास केलं, वीस वर्षं करत आले. मग मोठं गाणं म्हणजे नक्की काय? जे उत्तर त्याने इतक्या लोकांना दिलं होतं ते त्याच्या हातात रिकाम्या पाकिटासारखं राहिलं होतं. एकच गोष्ट त्यात शिल्लक होती: ती खरोखर नकळत, कोणी ऐकावं म्हणून नव्हे, डॉक्टरांवर चिडण्याइतकं नकळत, आयुष्यात एकच गाणं गुणगुणली. ते त्याने टाकून दिलं होतं, आणि ते तिने उचलून एकतीस वर्षं त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. तो ऐकत असताना ती ते कधीच म्हणाली नाही. घरात तो नसायचा तेव्हा म्हणत असेल का? दार लागलं, जिन्यावरची पावलं संपली, की मग? तो रोज दहा वाजता निघायचा. दहा वाजल्यानंतरचं घर त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

फोन वाजला. ती गायिका होती, जिच्यासाठी आठ गाणी करायची होती आणि सात झाली होती. ती दिवसातून एकदा गोड बोलून आठव्याची आठवण करायची.

"सर, गुरुवारची वेळ दहाची घेतलीये. आठवं काही सुचतंय का? नाही, घाई नाही, पण वादक विचारतायत."

"एक विचारू?" तो म्हणाला. "सात गाणी तुला देऊन सहा महिने झाले. त्यातलं एखादं तुझ्या तोंडी येतं का? असंच, भांडी घासताना वगैरे?"

"भांड्यांना मशीन आहे सर माझ्याकडे."

"मग केस विंचरताना."

चांगली मुलगी होती, खोटं बोलायला तिला वेळ लागायचा. "खरं सांगू का सर? येत नाही. पण फार सुंदर आहेत हो. अवघड आहेत ना, म्हणून असेल."

"हो, म्हणून असेल," तो म्हणाला. "गुरुवारी येतो."

आठवं त्याच्यासमोर होतं. आठ महिन्यांत त्याला एक ओळ सुचली नव्हती, कारण वाजवायचं कोणासाठी आणि चार दिवस थांबायचं कोणाकडे कान लावून. आणि आता आठवं गाणं ओल्या फडक्याने खुर्च्या पुसत होतं. या मुलीचा गळा, तो उतार, मागे फक्त एक पेटी. धंद्यातला माणूस त्याच्या आत जागा झाला आणि हिशेब मांडू लागला, कुठला सूर धरायचा, दुसऱ्या ओळीला ठेका घ्यायचा की नाही, डमीच ठेवायचे शब्द म्हणून, कवीला हात लावू द्यायचा नाही. बायकोला जाऊन आठ महिने झालेत आणि आपण तिच्या खुर्चीत बसून ठेका ठरवतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. पण ठेका ठरवणं काही थांबलं नाही. हे गाणं लोक सोडणार नाहीत हे त्याला दिसत होतं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते हेच होतं. हे एक माझ्यापाशी राहू दे. ती आता नाही, मग पाशी म्हणजे कोणापाशी, असाही एक वकिली मुद्दा त्याच्या मनाने काढला, आणि तो मुद्दा काढल्याबद्दल त्याला स्वतःचा मनापासून राग आला.

मावशीने खुर्च्या संपवल्या. सुरुवातीला ती त्याच्याकडे चोरून बघत होती. तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिने उशांचे अभ्रे बदलायला घेतले. एक अभ्रा उलटा होता, तो तिने सुलटा केला. बाहेर गाडीतळावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा माणूस हात हलवून त्याला दिशा दाखवत होता. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. त्याला या वाट बघण्याची आयुष्यभराची तालीम होती. श्वास कसा धरायचा, मान कशी वळवायची नाही, सगळं त्याला येत होतं. चौथ्या उशीला मावशी त्याला विसरली. ‘किल्ली घेतली का, चष्मा घेतला का,’ तिने उशी अभ्र्यात कोंबली, ‘रुमाल, पेन, वही...’ आणि चाल रिषभावर येऊन उभी राहिली, त्याने एकतीस वर्षांपूर्वी सोडली होती तिथेच. मावशीने उशी झटकली. मग चाल उतरली. त्याने करून बघितलेल्या दहा-बारा तऱ्हांपैकी एकही नव्हती ती. आधी घराच्या खाली एक सूर गेली, पायरी चुकल्यासारखी, आणि तिथून हळूच घरात आली. इतकं सोपं होतं. ते करायला सूर-बीर कळत असावा लागतो. त्या उतारावर तीन-चार अक्षरंच होती.

‘...आणि मला?’

मावशीने पुढची उशी घेतली. तो बसून राहिला. किल्ली घेतली का, चष्मा घेतला का, रुमाल, पेन, वही, आणि मला? घेतली, घेतला, घेतला, म्हणत तो जिना उतरायचा, आणि त्याची पावलं संपली की दाराआडून ती शेवटची चौकशी करायची, जिचं उत्तर त्याने कधी दिलं नाही, कारण प्रश्न त्याच्या कानावर पडूच नये अशी तिने काळजी घेतली होती. आपल्याच गाण्यांसाठी कान लावून बसलेला हा माणूस. तिचं हे एकच गाणं होतं, आणि ते घर सोडून जाणाऱ्या बाईचं नव्हतंच, घरात राहिलेल्या बाईचं होतं. ती हसायची त्या शेवटाला, असं मावशी म्हणाली. विसरभोळ्याच्या यादीत स्वतःलाही घातल्याचं ते हसू होतं, हे त्याला कळलं आणि ते सहन होईना. तो रडायला लागला तेव्हा मावशी धावत आली आणि तिने त्याला पाणी दिलं, आणि त्याने ते सगळं प्यायलं, आणि आणखी एक पेला मागितला.

बुधवारी त्याने काही केलं नाही. पेटीवरचं कापड काढलं, धूळ पुसली, पुन्हा कापड टाकलं. गुरुवारी साडेनऊला तो स्टुडिओत जायला तयार झाला. सातच गाणी करू, आठवं नाही, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं, का हे मात्र सांगायचं नाही. मुलगी हिरमुसेल, वादक कुरकुरतील, मग चहा पिऊन सगळे कामाला लागतील. दारातल्या छोट्या टेबलावर वस्तू रात्रीच मांडून ठेवायची सवय त्याने आठ महिन्यांत लावून घेतली होती. तो एकेक खिशात टाकत गेला. किल्ली. चष्मा. रुमाल. पेन खिशाला लावलं, वही उचलली, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण गुणगुणतोय. कधीपासून, ते त्याला माहीत नव्हतं. तोंड बंद करायच्या आत चाल आपली आपण खाली गेली आणि घरात आली, आणि शेवटचे शब्दही त्याच्याच आवाजात बाहेर पडले. तो थांबला, आणि जुन्या सवयीने आतल्या खोलीकडे त्याचा कान गेला. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, भिंतीला लावून मिटलेलं. कान टवकारून दाराशी उभं राहायला, पाणी प्यायचं सोंग करायला, हे पास झालं म्हणायला तिथे कोणी नव्हतं. या घरात गुणगुणलेलं आता बाहेर जाणार नव्हतं.

"घेतलं," तो मोठ्याने म्हणाला. मग त्याने वही परत टेबलावर ठेवली, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.